सातबारा दिसतो मोबाईलवर, दुरुस्त होतो तहसीलमध्ये

राजगुरुनगरच्या तहसील कार्यालयाबाहेर कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पाच मिनिटं उभं राहून बघा. आलेल्या माणसांच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते, पिशवीत कागद असतात आणि वरच्या खिशात स्मार्टफोन असतो. त्या फोनवर सातबारा उघडतो, आठ-अ उघडतो, फेरफारही दिसतो. मग हा माणूस इथं का आलाय? कारण फोनवर दिसणाऱ्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव अजून आहे. कुणाच्या क्षेत्रात दोन गुंठे कमी पडलेत, तर कुणाचं आडनाव टाईप करताना बदललंय. फोननं त्याला चूक दाखवली, पण दुरुस्तीसाठी त्याला पिशवी घेऊन इथंच यावं लागलं.

इथून चाकण एमआयडीसी जवळच आहे (ट्रॅफिक नसेल तर, आणि ते नसतं असं होत नाही). महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या पट्ट्यात मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज यांचे कारखाने आहेत आणि गाड्यांच्या सांगाड्यांचं वेल्डिंग यंत्रमानव करतात. पलीकडे हिंजवडीला आयटी पार्क आहे, जिथून अमेरिकेच्या बँकांचे हिशेब चालतात. मधे पिंपरी-चिंचवड महापालिका आहे. तिने 2013 सालीच नागरिकांच्या तक्रारींसाठी 'सारथी' नावाची हेल्पलाइन सुरू केली होती. या तिन्हींच्या मधल्या गावांत राहणारा माणूस मात्र माहितीच्या युगात नेमका कुठं उभा आहे, हा प्रश्न आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत सरकारनं आपली माहिती गोळा करायची आणि दाखवायची सोय जोरात केली. ती माहिती चुकली तर दुरुस्त करायची सोय तेवढी केली नाही. त्यामुळे काम ऑनलाइन झालं आणि खेटे तसेच राहिले.

धोरण कुठून सुरू झालं

महाराष्ट्राचं पहिलं माहिती तंत्रज्ञान धोरण 1998 चं. त्याच वर्षी केंद्रानं माहिती तंत्रज्ञानाचा राष्ट्रीय कृती दल नेमला आणि 2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. तेव्हा 'आयटी' म्हणजे कंपन्या, पार्क, निर्यात आणि नोकऱ्या असाच अर्थ होता. त्याचा फायदा झाला हे खोटं नाही, हिंजवडी त्यातूनच उभी राहिली. 2001 नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात निघाले. सरकारी नोकरीसाठी तो दाखला लागायचा म्हणून लाखो पोरं-पोरी पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसली.

गावासाठीचा प्रयोगही 1998 सालीच झाला, आणि तो आपल्या राज्यातच. कोल्हापूर-सांगलीकडं वारणा परिसरातल्या 70 गावांत 'वायर्ड व्हिलेज' नावानं संगणक केंद्रं उघडली. देशभरातून लोक बघायला आले. स्वप्न मोठं होतं, शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला आणि सरकारी माहिती सगळं तिथंच मिळणार होतं. प्रत्यक्षात लोक केंद्रावर यायचे ते मुख्यतः आपला ऊस किती टन गेला आणि खात्यावर किती जमा झाले हे विचारायला. पुढं काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथल्या काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली, आणि तेवढ्यानं काम भागलं. लोकांना मोठं जग नको होतं असं नाही. पण आधी स्वतःच्या नावावरचा हिशेब बघायचा होता, आणि तो खरा आहे ना हे तपासायचं होतं.

जगाच्या पातळीवर डिसेंबर 2003 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची माहिती समाजावर मोठी परिषद झाली, 2005 मध्ये दुसरी ट्युनिसला. 2015 पर्यंत जगातली गावं संपर्कजाळ्यानं जोडायची, असं जिनिव्हात ठरलं. भारतानं 2011 साली अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडायची योजना मंजूर केली, तीच पुढं भारतनेट झाली. ती इतकी रखडली की 2023 मध्ये केंद्राला 1 लाख 39 हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला. दरम्यान लोकांनी फायबरची वाट बघितली नाही. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि गाव मोबाईलवर ऑनलाइन आलं. ग्रामपंचायतीच्या खोलीतला भारतनेटचा डबा कुठं चालू आहे, कुठं त्यावर धूळ आहे. आपापल्या गावात जाऊन बघावं, लांब जायला नको.

कांद्याच्या अनुदानाची गोष्ट

चाकणच्या बाजाराची ओळख कंपन्यांच्या आधी कांद्याची, म्हणून कांद्याचंच उदाहरण घेऊ.

2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे भाव कोसळले. राज्य सरकारनं क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत. म्हणजे पूर्ण माल बसला तर 70 हजार रुपये. ज्यानं वाहतुकीलाही परवडेना म्हणून कांदा शेतातच सोडला, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नव्हती. अट काय? बाजार समितीची विक्रीची पट्टी पाहिजे, आणि सातबाऱ्यावर कांद्याच्या पिकाची नोंद पाहिजे.

इथंच अडलं. 2021 च्या 15 ऑगस्टपासून पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची, ही ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली होती. कल्पना चांगलीच आहे. पूर्वी तलाठी चावडीत बसून 'मागच्या वर्षीप्रमाणे' लिहायचा, कधी उसाच्या शेतात ज्वारी लागायची. आता शेतात उभं राहून फोटो काढायचा, जागेची खूण आपोआप पडते. पण ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही, ज्याच्या शेतात रेंज नाही, ज्याला मुदत कधी संपली हेच कळलं नाही, त्याच्या सातबाऱ्यावर कांदा आलाच नाही. कांदा बाजारात आला होता, पट्टी झाली होती, पण सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये तो पिकलाच नव्हता!

ओरड झाल्यावर सरकारनं वाट काढली. ज्यांच्या सातबाऱ्यावर नोंद नाही त्यांच्यासाठी गावपातळीवर समितीनं पाहणी करून अहवाल द्यायचा, असं ठरलं. म्हणजे ॲपनं ज्या तलाठ्याला बाजूला केलं होतं, अडचण आल्यावर त्यालाच परत शेतात पाठवलं. हे ॲपचं अपयश आहे असं मी म्हणणार नाही. पण ॲप आणलं तेव्हा 'ज्याला जमणार नाही त्याचं काय' हा प्रश्न कुणी लिहून ठेवला नव्हता, हे उघड आहे. पैसे वाटायची वेळ आली तेव्हा तो प्रश्न पुढं आला.

याच ॲपमध्ये पुढच्या आवृत्तीत एक छान गोष्ट आली: शेतकऱ्यानं केलेली नोंद चुकली तर 48 तासांच्या आत त्यानंच दुरुस्त करायची. ही सोय छोटी आहे, पण मला ती अख्ख्या योजनेपेक्षा महत्त्वाची वाटते. चूक माझी असेल तर ती सुधारायचा हक्कही माझाच, आणि त्यासाठी कुणाच्या टेबलापुढं उभं राहायला नको. हेच सातबाऱ्याच्या बाकीच्या चुकांना का लागू होत नाही?

अर्थात मालकी हक्काची नोंद कुणालाही घरबसल्या बदलता आली तर अनर्थ होईल, तिथं चौकशी लागणारच. संगणकीकरणात झालेली टायपिंगची चूक मात्र वेगळी. हस्तलिखित सातबाऱ्यावर बरोबर आणि ऑनलाइनवर चूक, अशा लेखनप्रमादासाठी महसूल संहितेचं कलम 155 आहे. अर्ज ऑनलाइन देता येतो, पण आदेश तहसीलदारांचाच लागतो. चूक सरकारी कामकाजात झाली, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी खातेदारावर. जुने उतारे त्यानंच काढायचे, दोन-तीन पिढ्यांचे फेरफार त्यानंच शोधायचे. 2025 मध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी करायला घेतल्या. मोहीम स्वागतार्ह आहे. पण सातबारा डिजिटल सहीनं मिळायला लागला 2018 च्या 1 मे रोजी. म्हणजे सात वर्षं डिजिटल सही मयतांच्या नावांवरही पडत होती.

चाकणमध्ये माहिती म्हणजे जमीन

दुसऱ्या कुठल्या तालुक्यात सातबाऱ्यावरची चूक म्हणजे डोकेदुखी. आपल्या पट्ट्यात ती लाखांचा, कधी कोटींचा प्रश्न असते. एमआयडीसीचे टप्पे, रिंगरोड, रेल्वेची आखणी, मधे विमानतळाच्या चर्चा. प्रत्येक वेळी गावकऱ्याच्या आधी कुणाला तरी नकाशा माहीत असतो. एमआयडीसीच्या 32(2) च्या नोटिसा हातात पडायच्या आधीच दलाल बांधावर येऊन गेलेला असतो, हा अनुभव इथल्या जुन्या माणसांना विचारा. 'आबा, या रानात काय ठेवलंय, आत्ता भाव चांगलाय' असं म्हणणाऱ्याच्या खिशात काय होतं, हे आबांना चार वर्षांनी कळतं.

माहिती समाज म्हणायचा तर हीच दरी आधी बुजायला हवी. आणि इथं एक साधन हातात आहे, जे फार कमी लोक वापरतात. महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' नावाचं पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावात सध्या कोणते फेरफार चालू आहेत, कोणत्या गटावर आहेत आणि हरकत घ्यायची शेवटची तारीख काय, हे फुकट दिसतं. फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली, भाऊबंदांपैकी एकानंच घेतली, किंवा बहिणीपर्यंत पोचलीच नाही, तर ते 15 दिवस संपतात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग प्रांताकडं अपील, वकील, तारखा.

लग्न होऊन पिंपरीला किंवा मुंबईला गेलेल्या बहिणीनं महिन्यातून दोनदा हे पान बघितलं, तर कित्येक भांडणं कोर्टाच्या आधीच उघडी पडतील. पण खरं सांगायचं तर तिनं बघत बसावं ही अपेक्षाच उलटी आहे. बँकेतून चार रुपये कापले तरी मेसेज येतो. माझ्या गटावर फेरफार पडला तर तो प्रत्येक खातेदाराच्या फोनवर, न मागता आणि मराठीत यायला नको का? हे तंत्रज्ञान काही अवघड नाही.

सरकारकडं ताकद नाही असंही नाही. गावठाणाची ड्रोननं मोजणी करायचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. पुढं 2020 मध्ये स्वामित्व योजना देशभर गेली. ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढला, 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा केला. 2025 च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचं धोरणही मंजूर केलं, 500 कोटींची तरतूद करून. माहिती गोळा करताना यंत्रणा विमानाच्या वेगानं जाते. दुरुस्तीला आली की तीच यंत्रणा बैलगाडीत बसते.

फोन कुणाचा, नंबर कुणाचा

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आज सरकारच्या लेखी तुमची ओळख म्हणजे तुमच्या मोबाईलवर येणारा सहा आकड्यांचा ओटीपी. आणि खेड्यात कित्येक बायकांच्या आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर पूर्वीच्या कुठल्या तरी बंद पडलेल्या सिमचा असतो.

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रात साधारण चारपैकी एकाच बाईनं कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. शहरात निम्म्याहून जास्त बायकांनी. त्यानंतर फोन वाढले, रील्सही वाढल्या. पण नंबर स्वतःच्या नावावर असणं वेगळं.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली तेव्हा हे सगळं बाहेर आलं. स्वतःच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा ओटीपी. साइट चालेना, ओटीपी येईना, रात्री बारा वाजता जागून प्रयत्न करणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. आणि जिचा नवराही नाही, वडीलही नाहीत, तिनं कुणाचा ओटीपी आणायचा? विधवा आणि एकट्या बायकांसाठी वेगळी सोय नंतर करावी लागली, मुदत वाढवत 31 डिसेंबरवर न्यावी लागली, आणि भरताना चूक झालेल्यांना ती एकदाच सुधारायची संधी द्यावी लागली. कांद्याच्या वेळी जे झालं तेच इथंही: आधी फॉर्म, मग ओरड, मग दुरुस्ती.

याच फटीतून चोर शिरतात. गाडीचं चलन, पीएम किसानचा हप्ता किंवा लग्नपत्रिका अशा नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि तुमचे मेसेज त्याला दिसायला लागतात. पैसे गेले तर पहिल्या तासाभरात 1930 ला फोन करा. लाजत बसू नका, चाकणच्या कंपन्यांतले शिकलेले इंजिनियरही फसलेत.

कंपन्यांचं निघालंच आहे तर ठेकेदाराकडं काम करणाऱ्या पोरांबद्दलही दोन शब्द. पीएफ कापला जातो, पण आधारवर नाव एक आणि पीएफच्या खात्यावर दुसरं. ठेकेदार बदलला, आधीचा फोन उचलत नाही आणि पैसे अडकतात. जानेवारी 2025 मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेनं नियम सोपा केला. 1 ऑक्टोबर 2017 नंतर काढलेला आणि आधारशी पडताळलेला यूएएन असेल, तर नाव, जन्मतारीख असे तपशील सदस्याला स्वतः दुरुस्त करता येतात, मालकाच्या सहीची गरज नाही. म्हणजे मनात आणलं तर हे करता येतं! मग महसूल खात्याला टायपिंगच्या चुकांपुरतं तरी का जमू नये?

हातात काय आहे

2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा अजून जिवंत आहे. त्यात अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर खात्यातच दोन अपिलं, तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडं, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. अट एकच: अर्जाची पोच पाहिजे. आपण 'साहेबांकडं कागद दिलाय' म्हणतो, पण पोच घेत नाही. पोच नसेल तर दिवस कधीपासून मोजायचे?

सेवा केंद्रावर दरपत्रक लावलेलं असतं, ते वाचा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सरकारी फी 15 रुपये आहे आणि त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो. कंपन्यांच्या करामुळं आपल्या पट्ट्यातल्या काही ग्रामपंचायतींचं उत्पन्न मोठं आहे, तिथं हे बघणं जास्तच गरजेचं.

माहितीच्या अधिकाराबद्दल मात्र काळजीची बाब आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं कलम 8(1)(ञ) बदललं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो बदल लागू झाला. आता 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढं म्हणून अर्ज नाकारणं सोपं झालंय. घरकुल कुणाला मिळालं, नुकसानभरपाईच्या यादीत कुणाचं नाव आलं, अशा माहितीत नाव आलं की ती वैयक्तिकच. सार्वजनिक हिताचं कारण दाखवून मागायची वाट कलम 8(2) मध्ये शिल्लक आहे. अर्जातच त्या कलमाचा उल्लेख करा आणि हित काय ते दोन ओळींत लिहा.

पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. गावातल्या किती खातेदारांच्या सातबाऱ्यावर लेखनप्रमाद आहे याची यादी वाचली जावी. ग्राम महसूल अधिकाऱ्यानं, म्हणजे आपल्या पूर्वीच्या तलाठ्यानं, महिन्यातला एक दिवस गावात बसून कलम 155 चे अर्ज पोच देऊन घ्यावेत. आणि 'आपली चावडी'वरचे चालू फेरफार दर आठवड्याला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाकडं द्यावं. ठराव झाला तर तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला ना, हे उठायच्या आधी बघा.